हरण्याचे गणित : बेसबॉल संघाची पुनर्बांधणी आणि हिवाळ्यातील व्यवहार

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा हंगाम वर्ल्ड सिरीजने संपतो आणि मैदाने चार महिन्यांसाठी रिकामी होतात. संघांचे भवितव्य मात्र याच चार महिन्यांत ठरत असते. कोणाला ठेवायचे, कोणाला विकायचे, कोणावर पैसा लावायचा आणि कोणाला मोफत जाऊ द्यायचे, हे निर्णय नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घेतले जातात. तळाला गेलेल्या संघासाठी तर हा काळ अधिकच निर्णायक असतो. ह्यूस्टन ॲस्ट्रोज या संघाने २०११ ते २०१७ या सहा वर्षांत केलेली पुनर्बांधणी हे त्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले आणि सर्वाधिक वादग्रस्त उदाहरण होय. लागोपाठ तीन हंगामांत शंभराहून अधिक सामने हरलेला हा संघ चारच वर्षांनी विजेता ठरला. हे कसे घडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजून घेण्यासाठी आधी नियमांची चौकट पाहावी लागते.

सहा वर्षांचे घड्याळ

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या भारतीय वाचकाला येथील पद्धत अगदी वेगळी वाटेल. येथे ठरावीक वर्षांनी सर्व खेळाडू पुन्हा बोलीत उतरत नाहीत आणि संघांच्या खर्चावर कडक कमाल मर्यादाही नाही. एका ठरावीक रकमेच्या पुढे गेलेल्या संघाला कर भरावा लागतो, इतकेच. त्यामुळे न्यूयॉर्क किंवा लॉस एंजलिसचा धनाढ्य संघ छोट्या शहरातील संघाच्या कितीतरी पट खर्च करू शकतो.

या विषमतेत तळाच्या संघाच्या हाती एकच मोठे साधन असते, ते म्हणजे तरुण खेळाडू. नवोदित खेळाडू मेजर लीगमध्ये आला की पहिली सुमारे तीन वर्षे त्याला जवळपास किमान वेतनावर खेळावे लागते. पुढील तीन वर्षे त्याचे वेतन वाटाघाटीने आणि गरज पडल्यास लवादाकडून ठरते. मेजर लीगमधील सहा वर्षांची सेवा पूर्ण झाल्यावरच तो मुक्त खेळाडू होतो आणि कोणत्याही संघाशी हव्या त्या रकमेचा करार करू शकतो. म्हणजेच चोवीस वर्षांचा उत्तम खेळाडू संघाला बाजारभावाच्या काही टक्क्यांत मिळतो, तर तीस वर्षांच्या तितक्याच उत्तम खेळाडूसाठी दोन-दोन कोटी डॉलर वर्षाला मोजावे लागतात.

पुनर्बांधणीचे सारे तर्कशास्त्र या एका नियमातून निघते. जो संघ आज जिंकू शकत नाही, त्याच्या दृष्टीने मुक्त होण्याच्या उंबरठ्यावरील चांगला खेळाडू ही वाया जाणारी संपत्ती असते. दोन वर्षांत तो निघून जाणार आणि त्या दोन वर्षांत संघ काही मोठा पराक्रम करणार नाही. मग ज्या संघाला आज जिंकायचे आहे त्याला तो द्यावा आणि बदल्यात तीन-चार वर्षांनी तयार होणारे तरुण घ्यावेत, असा हा व्यवहार आहे.

हिवाळ्याचे वेळापत्रक

या व्यवहारांना ठरलेला क्रम असतो. वर्ल्ड सिरीज संपताच करार संपलेले खेळाडू मुक्त होतात. नोव्हेंबरात प्रत्येक संघाला आपली चाळीस जणांची यादी निश्चित करावी लागते. मायनर लीगमध्ये काही वर्षे काढलेला जो खेळाडू या यादीत घेतला जात नाही, तो डिसेंबरातील 'रुल फाइव्ह' निवडीत इतर संघांना खुला होतो. सध्याच्या नियमानुसार एक लाख डॉलर देऊन त्याला उचलता येते. अट एवढीच की पुढील संपूर्ण हंगाम त्याला मुख्य संघात ठेवावे लागते, अन्यथा मूळ संघाला परत देऊ करावे लागते.

नोव्हेंबरातच, लवादाला पात्र असलेल्या कोणत्या खेळाडूंना नव्या वर्षासाठी करार द्यायचा हेही ठरते. ज्यांना करार मिळत नाही ते बाजारात येतात. डिसेंबरच्या पूर्वार्धात सर्व संघांचे व्यवस्थापक एका शहरात जमतात. 'विंटर मीटिंग्ज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बैठकांत अनेक मोठी सौद्यांची बोलणी पार पडतात. जानेवारीत लवादासाठी दोन्ही बाजू आपापले आकडे मांडतात आणि फेब्रुवारीच्या मध्यावर फ्लोरिडा व ॲरिझोनात सराव शिबिरे सुरू होतात.

या क्रमात तळाच्या संघाला एक फायदा असतो. ड्राफ्ट असो, रुल फाइव्ह असो वा इतर संघांनी यादीतून वगळलेल्या खेळाडूंवर दावा सांगणे असो, कमी सामने जिंकणाऱ्या संघाला आधी संधी मिळते. शिवाय जिंकण्याचे दडपण नसल्याने कच्च्या खेळाडूला मैदानावर उतरवून पारखण्याची चैन त्यालाच परवडते. विजेतेपदाच्या शर्यतीतील संघाला ती परवडत नाही.

ह्यूस्टन : रिकामे कोठार

ॲस्ट्रोज २००५ मध्ये प्रथमच वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचले आणि शिकागो व्हाइट सॉक्सकडून चारही सामने हरले. त्यानंतरची काही वर्षे वयस्क होत चाललेल्या तारांकित खेळाडूंना धरून ठेवण्यात गेली. नोव्हेंबर २००६ मध्ये कार्लोस ली याच्याशी झालेला सहा वर्षांचा दहा कोटी डॉलरचा करार हे त्या धोरणाचे प्रतीक मानले जाते. मुख्य संघ उतरणीला लागला आणि मायनर लीगमध्ये त्यांची जागा घेणारे तरुणही नव्हते. २०११ मध्ये संघाने ५६ सामने जिंकले आणि १०६ गमावले. त्याच हंगामाच्या मध्यावर हंटर पेन्स व मायकेल बोर्न या दोन प्रमुख खेळाडूंची विक्री करून आधीच्या व्यवस्थापनाने दिशा बदलल्याची खूण दिली होती.

नोव्हेंबर २०११ मध्ये उद्योजक जिम क्रेन यांनी ड्रेटन मॅक्लेन यांच्याकडून संघ विकत घेतला. नॅशनल लीग सोडून २०१३ पासून अमेरिकन लीगमध्ये जाण्याची अट त्यांना मान्य करावी लागली. पुढच्याच महिन्यात क्रेन यांनी सेंट लुइस कार्डिनल्समधील जेफ लुनो यांना जनरल मॅनेजर म्हणून आणले. अभियांत्रिकीचे शिक्षण आणि व्यवस्थापन सल्लागार म्हणून अनुभव असलेले लुनो खेळाडू म्हणून कधी व्यावसायिक बेसबॉल खेळलेले नव्हते. त्यांनी कार्डिनल्समधील सहकारी सिग मेडल आणि माइक इलायस यांना सोबत घेतले. मेडल पूर्वी 'नासा'मध्ये काम केलेले होते आणि येथे त्यांना मिळालेले पद 'निर्णयशास्त्र संचालक' असे होते. खेळाडूंची पाहणी करणाऱ्यांची मते, वैद्यकीय माहिती, आकडेवारी आणि करारांचे तपशील एकत्र करणारी 'ग्राउंड कंट्रोल' नावाची संगणकीय यंत्रणा त्यांनी उभारली.

विक्रीची साखळी

नव्या व्यवस्थापनाने पहिल्याच हिवाळ्यात जे सौदे केले त्यांत मोठी नावे नव्हती. डिसेंबर २०११ मध्ये त्यांनी मार्क मेलॅनसन हा पिचर बोस्टन रेड सॉक्सला दिला आणि बदल्यात इनफिल्डर जेड लाउरी व पिचर काइल वायलँड यांना घेतले. लाउरी वरचेवर जायबंदी होत असे. ह्यूस्टनमध्ये त्याला रोज खेळायला मिळाले आणि त्याचे मूल्य वाढले. फेब्रुवारी २०१३ मध्ये, मुक्त होण्यास दोन हंगाम उरले असताना, त्याला ओकलंडला देण्यात आले. बदल्यात क्रिस कार्टर, ब्रॅड पीकॉक आणि मॅक्स स्टॅसी असे तीन तरुण आले. त्यांपैकी पीकॉक २०१७ च्या विजेत्या हंगामात १३ सामने जिंकून देणार होता आणि केवळ दोनच गमावणार होता.

पुनर्बांधणीचा व्यवहार असा साखळीने चालतो. एका मध्यम दर्जाच्या पिचरचे रूपांतर एका इनफिल्डरमध्ये, त्याचे रूपांतर तीन नवोदितांत, आणि त्या तिघांपैकी एकाचे रूपांतर चार वर्षांनी उपयोगी पिचरमध्ये होते. प्रत्येक टप्प्यावर संघाला खेळाडूंच्या नियंत्रणाची काही वर्षे वाढवून मिळतात. २०१२ च्या जुलैमध्ये कार्लोस ली, वॅन्डी रॉड्रिगेझ व ब्रेट मायर्स हेही गेले. कराराची रक्कम मोठी असलेला खेळाडू देताना त्याच्या वेतनाचा काही भाग स्वतः भरण्याची तयारी विकणाऱ्या संघाला दाखवावी लागते, कारण जितके वेतन आपण उचलू तितके चांगले तरुण समोरचा संघ देतो. थोडक्यात, पैसा देऊन भविष्य विकत घेतले जाते.

या साऱ्याचा परिणाम खर्चावर दिसला. २०१३ च्या हंगामाच्या प्रारंभी संपूर्ण ह्यूस्टन संघाचे वेतन सुमारे २.६ कोटी डॉलर होते. त्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीजचा आकडा वीस कोटींच्या पुढे होता.

इतरांनी टाकलेले खेळाडू

हिवाळ्यात मोठ्या करारांच्या बातम्या गाजतात. पण गरीब संघाचे खरे कौशल्य इतरांनी टाकलेल्यांतून काय उचलले यात दिसते. डिसेंबर २०११ च्या रुल फाइव्ह निवडीतून मार्विन गोन्सालेस ह्यूस्टनकडे आला. शिकागो कब्जच्या यादीबाहेर राहिलेल्या या खेळाडूला बोस्टनने निवडून ह्यूस्टनच्या हवाली केले. तो जवळपास कोणत्याही जागी खेळू शकत असे. २०१७ च्या वर्ल्ड सिरीजमधील दुसऱ्या सामन्यात, नवव्या डावात केन्ली जॅन्सनसारख्या पिचरविरुद्ध बरोबरी साधणारी होमरन त्याचीच होती.

कॉलिन मॅकह्यू याची कथा याच जातीची आहे. न्यूयॉर्क मेट्स आणि कोलोरॅडो रॉकीज या दोन्ही संघांत तो अयशस्वी ठरला होता. डिसेंबर २०१३ मध्ये कोलोरॅडोने यादीतून वगळताच ह्यूस्टनने त्याच्यावर दावा सांगितला. त्याच्या वळणाऱ्या चेंडूची फिरकी विलक्षण असल्याचे मोजमापांतून विश्लेषकांच्या लक्षात आले होते आणि तो चेंडू त्याने अधिक वेळा टाकावा, असा सल्ला त्याला मिळाला. २०१५ मध्ये मॅकह्यूने १९ सामने जिंकले.

उसना घेऊन विकणे

पुनर्बांधणीच्या काळातील संघ मुक्त खेळाडूंच्या बाजारात जातच नाही, असा समज आहे. तो बरोबर नाही. तो जातो, पण वेगळ्या हेतूने. दुखापतीतून सावरलेला किंवा मागील वर्षी घसरलेला अनुभवी पिचर एका वर्षाच्या लहान करारावर घ्यायचा, त्याला नियमित खेळवायचे आणि जुलैच्या अखेरीस, सौद्यांची मुदत संपण्यापूर्वी, शर्यतीतील संघाला विकायचे.

या पद्धतीचा सर्वांत फलदायी सौदा शिकागो कब्जने केला. थिओ एपस्टाइन ऑक्टोबर २०११ मध्ये तेथे आले आणि त्यांनीही ह्यूस्टनप्रमाणेच पाया खोदायला सुरुवात केली. नोव्हेंबर २०१२ मध्ये कब्जने स्कॉट फेल्डमन या पिचरला एका वर्षासाठी साठ लाख डॉलरवर घेतले. जुलै २०१३ मध्ये त्याला बाल्टिमोर ओरिओल्सला देऊन त्यांनी जेक अरिएटा आणि पेड्रो स्ट्रॉप यांना मिळवले. बाल्टिमोरमध्ये अपयशी ठरलेला अरिएटा २०१५ मध्ये सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराचा मानकरी झाला, आणि २०१६ मध्ये कब्जने १९०८ नंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. सहा लाख नव्हे, साठ लाख डॉलर खर्चून झालेला हा व्यवहार असला तरी त्या बाजारात ती किरकोळ रक्कमच होती.

ड्राफ्टमधील वजाबाकी

ड्राफ्ट हिवाळ्यात होत नाही. ॲस्ट्रोजच्या पुनर्बांधणीच्या काळात तो जूनमध्ये होत असे, २०२१ पासून जुलैमध्ये होतो. परंतु हिवाळ्यातील सौद्यांचा कच्चा माल तेथूनच येतो. २०१२ पासून प्रत्येक संघाला पहिल्या दहा फेऱ्यांतील निवडींसाठी एकत्रित रकमेची मर्यादा घालून दिली गेली. आदल्या वर्षी जितके तळाला, तितकी मर्यादा मोठी.

२०१२ मध्ये पहिली निवड ह्यूस्टनची होती. त्यांनी पोर्टो रिकोतील सतरा वर्षांच्या कार्लोस कोरेया याला निवडले. त्या जागेसाठी निश्चित असलेली रक्कम ७२ लाख डॉलर होती, पण कोरेया ४८ लाखांवर तयार झाला. वाचलेल्या २४ लाखांतून ह्यूस्टनने ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्स याला २५ लाख डॉलर देऊन महाविद्यालयात जाण्यापासून परावृत्त केले आणि चौथ्या फेरीत रिओ रुइझ यालाही ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक दिले. कोरेया २०१५ मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. रुइझला जानेवारी २०१५ मध्ये इतर दोघांसोबत अटलांटाला देऊन एव्हन गॅटिस हा ताकदवान फलंदाज आणण्यात आला. एका निवडीतील बचतीने तीन खेळाडू मिळाले ते असे.

तथापि २०१७ च्या यशाचे सारे श्रेय नव्या व्यवस्थापनाला देणे अन्यायाचे होईल. होसे अल्टुवे याला जुन्या व्यवस्थापनाने २००७ मध्ये व्हेनेझुएलातून अवघ्या पंधरा हजार डॉलरवर घेतले होते. डॅलस कायकल हा २००९ च्या ड्राफ्टमधील सातव्या फेरीचा खेळाडू, तर जॉर्ज स्प्रिंगर २०११ मधील अकराव्या क्रमांकाची निवड. हे तिघेही लुनो येण्यापूर्वीच संघात होते.

फसलेले हिशेब

आकडेवारीच्या बळावर चाललेला हा प्रकल्प चुकलाच नाही, असे नाही. २०१३ च्या पहिल्या निवडीत ह्यूस्टनने स्टॅनफर्ड विद्यापीठाचा पिचर मार्क ॲपल याला पसंती दिली. दुसऱ्या क्रमांकावर कब्जने क्रिस ब्रायंटला घेतले, जो २०१६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ॲपल ह्यूस्टनसाठी मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केन जाइल्स या पिचरसाठी ज्या पाच जणांना फिलाडेल्फियाला देण्यात आले, त्यांत तो होता. २०१८ मध्ये त्याने खेळ थांबवला, २०२१ मध्ये पुन्हा सुरू केला आणि जून २०२२ मध्ये, तिसाव्या वर्षी, फिलाडेल्फियाकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केले.

२०१४ च्या पहिल्या निवडीत ब्रेडी एकेन या शालेय पिचरशी ६५ लाख डॉलरवर सहमती झाली होती. वैद्यकीय तपासणीत कोपराविषयी शंका आल्यावर ह्यूस्टनने रक्कम कमी केली आणि करार मोडला. एकेनच्या मर्यादेतून वाचणाऱ्या पैशांवर अवलंबून असलेला जेकब निक्स याचा करारही त्यात बुडाला. व्यवस्थापनावर सडकून टीका झाली. मात्र मार्च २०१५ मध्ये एकेनच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. नियमानुसार ह्यूस्टनला २०१५ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची भरपाई निवड मिळाली आणि तिच्यातून ॲलेक्स ब्रेगमन हाती आला. निर्णय योग्य ठरला, पण दोन तरुणांना दिलेल्या शब्दाचे काय, हा प्रश्न त्यामुळे पुसला गेला नाही.

सर्वांत महागात पडलेली चूक मात्र मार्च २०१४ मधील होती. जे. डी. मार्टिनेझ या फलंदाजाने हिवाळ्यात आपली बॅट फिरवण्याची पद्धत मुळापासून बदलली होती. ह्यूस्टनने मागील तीन वर्षांच्या आकड्यांवरून त्याचे मोल ठरवले, सराव शिबिरात त्याला फारशी संधी दिली नाही आणि त्याला मुक्त केले. डेट्रॉइटने त्याला घेतले आणि तो त्या काळातील अग्रगण्य फलंदाजांपैकी एक बनला. २०१८ मध्ये ह्यूस्टनला अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत हरवणाऱ्या बोस्टन संघात तो होता. मागील आकडे बदललेल्या खेळाडूविषयी काहीच सांगत नाहीत, हा त्यातील धडा.

विक्रीकडून खरेदीकडे

पुनर्बांधणीतील सर्वांत अवघड निर्णय विकण्याचा नसतो. विकणे कधी थांबवायचे, हे ठरवणे अधिक अवघड. २०१३ मध्ये ह्यूस्टनने ५१ सामने जिंकून १११ गमावले, त्यांतील शेवटचे पंधरा लागोपाठ. त्याच हिवाळ्यात मात्र फेल्डमनशी तीन वर्षांचा तीन कोटी डॉलरचा करार झाला आणि कोलोरॅडोकडून डेक्स्टर फाउलर आणला गेला. तरुणांभोवती काही अनुभवी माणसे उभी करण्याची ही सुरुवात होती. २०१४ मध्ये विजयांची संख्या ७० वर गेली. त्या वर्षी 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर स्प्रिंगरचे छायाचित्र छापून ह्यूस्टन २०१७ चा विजेता असेल, असे भाकीत केले. तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेले.

पुढील हिवाळ्यात, म्हणजे २०१४-१५ मध्ये, लूक ग्रेगरसन आणि पॅट नेशेक यांना घेऊन अखेरच्या डावांतील पिचरची दुखरी बाजू सावरण्यात आली. दोन वर्षांपूर्वी विकलेल्या लाउरीला २.३ कोटी डॉलरच्या करारावर परत आणण्यात आले. ए. जे. हिंच नवे मॅनेजर झाले. २०१५ मध्ये संघाने ८६ सामने जिंकून बाद फेरी गाठली.

२०१६-१७ च्या हिवाळ्यात धोरण पूर्णपणे उलटले. यांकीजकडून कॅचर ब्रायन मॅकॅन आला, जॉश रेडिकला चार वर्षांसाठी ५.२ कोटी डॉलर आणि चाळिशीकडे झुकलेल्या कार्लोस बेल्ट्रानला एका वर्षासाठी १.६ कोटी डॉलर मिळाले. चार्ली मॉर्टनशी झालेल्या दोन वर्षांच्या १.४ कोटी डॉलरच्या कराराकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २०१६ मध्ये तो पायाच्या दुखापतीमुळे केवळ चार सामने खेळला होता. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी तीन नवोदितांच्या बदल्यात जस्टिन व्हरलँडर डेट्रॉइटहून आला. पाच वर्षे जमवलेले तरुण आता चलन म्हणून उपयोगी पडू लागले होते.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी लॉस एंजलिस येथे वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात डॉजर्सविरुद्ध सुरुवात केली ती कोरेयाच्या बचतीतून मिळालेल्या मॅकलर्सने, आणि शेवटचे चार डाव टाकले ते मॉर्टनने. ह्यूस्टन ५-१ असे जिंकले.

किंमत कोणी मोजली?

विजयानंतर 'ह्यूस्टन पद्धती'चे गोडवे गायले गेले, पण तिची किंमत मोजणारे वेगळेच होते. २००७ मध्ये ह्यूस्टनच्या मैदानावर तीस लाखांहून अधिक प्रेक्षक आले होते. २०१२ मध्ये ते सुमारे सोळा लाखांवर आले. सप्टेंबर २०१३ मधील एका सामन्याला स्थानिक दूरचित्रवाणीवर शून्य टक्के प्रेक्षकसंख्या नोंदली गेली. प्रक्षेपण हक्कांच्या वादामुळे शहरातील बहुसंख्य घरांत ती वाहिनी दिसतच नव्हती, हेही त्याचे एक कारण होते. तिकीट काढणाऱ्याला मात्र पुढील पाच वर्षांनंतरच्या विजयाचे आश्वासन आज उपयोगाचे नसते. ज्या मुलाचे बालपण त्या तीन वर्षांत गेले, त्याला संघाने जाणूनबुजून दुबळा खेळ दाखवला, ही तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

खेळाडूंची तक्रार अधिक खोल आहे. सेवेचे घड्याळ सुरू होऊ नये म्हणून तयार खेळाडूला मायनर लीगमध्ये अडकवून ठेवण्याची प्रथा पडली. सेवेचे एक पूर्ण वर्ष १७२ दिवसांचे धरले जाते. २०१५ मध्ये कब्जने ब्रायंटला अशा दिवशी बोलावले की त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने त्याचे मुक्त होणे एक वर्ष लांबले. त्याने केलेली तक्रार जानेवारी २०२० मध्ये फेटाळली गेली. मिळालेला महसूल संघावर खर्च न केल्याबद्दल खेळाडू संघटनेने २०१८ मध्ये मायामी, पिट्सबर्ग, टॅम्पा बे आणि ओकलंड या चार संघांविरुद्ध तक्रार दाखल केली होती.

या असंतोषातून २०२२ च्या करारात काही बदल झाले. वर्षातील सर्वोत्तम नवोदितांच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला सेवेचे पूर्ण वर्ष मिळू लागले. ड्राफ्टमधील पहिल्या सहा निवडींसाठी सोडत आली आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची संधी सारखीच, १६.५ टक्के, ठरली. शिवाय लागोपाठ किती वर्षे सोडतीत भाग घेता येईल, यावरही बंधन आले. व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावून आधुनिक काळातील नकोसा विक्रम केला. तरी या नियमामुळे २०२५ मध्ये त्यांना दहाव्या क्रमांकाची निवड मिळाली. सर्वांत तळाला जाणे आता तितके लाभाचे राहिलेले नाही. त्यामुळे हिवाळ्यातील छोट्या निवडींचे मोल वाढले. डिसेंबर २०२४ च्या रुल फाइव्ह निवडीत याच संघाने शेन स्मिथ या पिचरला पहिल्या क्रमांकावर उचलले आणि २०२५ मध्ये तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला.

पद्धतीची मर्यादा

ह्यूस्टनचे यश हे नियमाचे उदाहरण की अपवाद, याविषयी बाल्टिमोरचा अनुभव बोलका आहे. इलायस नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथे प्रमुख झाले, मेडलही सोबत गेले आणि तोच आराखडा पुन्हा राबवला गेला. २०१९ आणि २०२१ मध्ये शंभराहून अधिक पराभव पत्करून ओरिओल्सने २०२३ मध्ये १०१ सामने जिंकले. पण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी बाद फेरीत त्यांना एकही विजय मिळाला नाही आणि २०२५ मध्ये ७५ विजयांसह संघ पुन्हा आपल्या गटात तळाला गेला. तरुण फलंदाज तयार झाले, पण चांगले पिचर पुरेशा संख्येने जोडण्यात हात आखडता राहिला, अशी टीका झाली. विकणे थांबवून खरेदी करण्याचा क्षण ओळखणे अवघड असते, याचे हे दुसऱ्या बाजूचे उदाहरण.

ह्यूस्टनच्या विजयालाही डाग लागलाच. २०१७ च्या हंगामात कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरून फलंदाजांना सांगितल्या जात होत्या, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये उघड झाले. जानेवारी २०२० मध्ये लुनो आणि हिंच यांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले आणि क्रेन यांनी त्याच दिवशी दोघांनाही काढून टाकले. संघाला पन्नास लाख डॉलर दंड झाला आणि २०२० व २०२१ या वर्षांच्या पहिल्या व दुसऱ्या फेरीतील निवडीही गमवाव्या लागल्या. ज्या निवडींवर सारी उभारणी झाली होती, नेमक्या त्याच शिक्षेत गेल्या. २०२२ मध्ये ह्यूस्टनने दुसरे विजेतेपद मिळवले, तरी पहिल्याविषयीची शंका कायम राहिली.

दरम्यान सहा वर्षांचे घड्याळ आपल्या गतीने फिरतच होते. स्प्रिंगर २०२१ मध्ये टोरंटोला गेला, कोरेयाने २०२१ च्या हंगामानंतर ह्यूस्टन सोडले आणि ब्रेगमन २०२५ मध्ये बोस्टनकडे गेला. २०१५ च्या ड्राफ्टमधून आलेल्या काइल टकरला मुक्त होण्यास एक वर्ष उरले असताना, डिसेंबर २०२४ मध्ये ह्यूस्टनने कब्जकडे धाडले आणि बदल्यात तीन खेळाडू घेतले. तेरा वर्षांपूर्वी ज्या हिशेबाने पुनर्बांधणी सुरू झाली होती, तोच हिशेब विजेत्या संघालाही करावा लागला. फरक इतकाच की या वेळी संघ जिंकत होता, आणि तसे जिंकत राहण्यासाठीच त्याला आपला उत्तम खेळाडू द्यावा लागला.